मित्रा, लक्ष्मी, विद्या : आत्मशोध आणि शरणाचा प्रश्न

'निर्वाण' हा शब्द कानी पडताच बौद्ध वाचकाच्या मनात तृष्णाक्षयाचा अर्थ उभा राहतो. राग, द्वेष आणि मोह यांचा अग्नी विझणे म्हणजे निर्वाण, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकत आलो आहोत. परंतु आपल्याच गावाशहरांत हाच शब्द निराळ्या अर्थाने वापरणारा एक समाज आहे. हिजडा समाजात पुरुषाचे इंद्रिय काढून टाकण्याच्या विधीला 'निर्वाण' म्हणतात. तमिळ लेखिका व नाट्यकर्मी लिव्हिंग स्माइल विद्या यांनी आपल्या आत्मकथनात, आंध्र प्रदेशातील कडप्पा येथे अपुऱ्या सोयींत झालेल्या आपल्या शस्त्रक्रियेची हकिकत याच शब्दाने सांगितली आहे. त्या पृष्ठाशी आम्ही थबकलो. हा शब्द त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, याचा शोध भाषाशास्त्रज्ञ घेतील. आमच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न वेगळा होता. ज्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण क्षणाला आपल्या परंपरेतील सर्वांत थोर शब्द दिला, त्यांच्यासाठी आपल्या विहारात आणि आपल्या घरात जागा आहे काय?

प्रस्तुत लेखात आम्ही तीन कलाकृतींचा विचार करणार आहोत. पहिली, विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक, जे १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. दुसरी, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन, जे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले आणि २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. तिसरी, विद्या यांचे 'नान् विद्या' हे २००७ मधील तमिळ आत्मकथन. ते आम्ही व्ही. रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचले. मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. लक्ष्मी आणि विद्या या पारलिंगी आहेत. या अवस्था एक नव्हेत आणि त्यांची सरमिसळ करणे योग्य होणार नाही. परंतु रूढ स्त्री-पुरुष चौकटीत न बसणारा माणूस 'मी कोण?' असे विचारू लागला, की त्या पाठोपाठ 'मी कोणाचा? मी कोणाची?' हा प्रश्न येतोच. या तिन्ही कृतींत तो आहे. तिन्ही कृतींची त्यावरील उत्तरे मात्र भिन्न आहेत, आणि ती भिन्नता आम्हांस महत्त्वाची वाटते.

प्रथम मित्राकडे वळू. तेंडुलकरांनी हे नाटक लिहिले तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या समलिंगी प्रेमाचा उघड उच्चार नव्हता. स्वातंत्र्यपूर्व काळातील कॉलेजचे वातावरण, त्यात वावरणारी मोकळी, धीट मित्रा, तिच्याकडे ओढला जाणारा बुजरा बापू, आणि मित्राने त्याला विश्वासाने सांगितलेली आपली गोष्ट, येथून नाटक पुढे सरकते. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. नाटकातील वेश उतरतो, प्रेम उतरत नाही. पुढे मत्सर, धमक्या, कुजबुज, एकाकीपणा आणि अखेर आत्मनाश अशा क्रमाने मित्राची वाट बंद होत जाते. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली होती. त्या काळी अशी भूमिका स्वीकारणे आणि असे नाटक उभे करणे हे धाडसच होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु समीक्षकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ही गोष्ट सांगतो कोण? नाटकाचे नाव 'मित्राची गोष्ट' असले तरी सांगणारा बापू आहे. मित्रा आपणांस दिसते ती बापूच्या नजरेतून, त्याच्या करुणेतून आणि त्याच्या भित्रेपणातून. तो तिला आपली खोली देतो, तिची बाजू घेतो, आणि शेवटी तोही तिच्यापासून दूर होतो. तेंडुलकरांचे सामर्थ्य असे की त्यांनी बापूला निर्दोष ठेवलेले नाही. सज्जन माणसाची सहानुभूती कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे संपते, हे त्यांनी निष्ठुरपणे दाखविले आहे. तरीही नाटक संपते तेव्हा प्रेक्षकाच्या हाती उरते ती हळहळ. मित्रासारखी दुसरी कोणी त्या जगात नाही, मित्राला भाषा नाही, तिचा समूह नाही. ती मेल्यावरच तिची गोष्ट सांगण्याजोगी होते.

हा अनुभव आपणांस अपरिचित नाही. दलित साहित्य उभे राहण्यापूर्वी मराठी वाङ्मयात अस्पृश्य माणूस येत होता, तो असाच येत होता. कोणा सहृदय लेखकाच्या कथेत तो सोसत असे आणि शेवटी मरत असे. वाचकाचे डोळे पाणावत, आणि वाचकाचे घर जसेच्या तसे राहात असे. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, पुढे बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले, आणि सांगणारा बदलला. सांगणारा बदलला तेव्हा वाचकावर येणारी जबाबदारीही बदलली. दयेची गरज उरली नाही. उत्तर देणे भाग पडले. म्हणून 'मित्राची गोष्ट'चे मोल मान्य करूनही आम्ही म्हणतो की ते बापूंच्या काळातील नाटक आहे. मित्राने स्वतः बोलण्याचा काळ त्यानंतरचा.

'मी हिजडा, मी लक्ष्मी' या नावातच 'मी' दोनदा आला आहे. शब्दांकन दुसऱ्याचे असले तरी आवाज लक्ष्मींचा आहे. ठाण्यातील ब्राह्मण कुटुंबात वाढलेले मूल, नृत्याची ओढ, बालपणी झालेले लैंगिक अत्याचार, मोठेपणी हिजडा समाजात केलेला प्रवेश, एड्सविरोधी कार्य, परदेशांतील व्यासपीठे, हे सर्व त्या कोणतीही दया न मागता सांगतात. या पुस्तकातील सर्वांत हृद्य भाग आम्हांस वाटला तो त्यांच्या आईवडिलांचा. त्यांनी आपल्या अपत्याला घराबाहेर काढले नाही. लोकांनी विचारले तेव्हा बापाने अपत्याची बाजू घेतली. आपल्या घरांतील किती बाप असे करतील, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःस विचारावा. २०१४ च्या ज्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला, त्या खटल्यातही लक्ष्मींचा सहभाग होता. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण पुस्तकानंतरची वाटचाल पाहता आमचे मन साशंक होते. २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला आणि लक्ष्मी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या. २०१६ मधील उज्जैनच्या आणि २०१९ मधील प्रयागच्या कुंभमेळ्यात हा आखाडा उतरला. २०१८ मध्ये त्यांनी अयोध्येतील राममंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा पारलिंगी समाजातीलच अनेक व्यक्तींनी व गटांनी त्याचा जाहीर निषेध केला. ज्याला समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याने त्याच समाजाच्या देव्हाऱ्यात पवित्र म्हणून जागा मिळविणे, हा आपलेपणा मिळविण्याचा एक मार्ग आहे. तो का निवडला जातो, हे आम्ही समजू शकतो. उपेक्षेपेक्षा पूजा बरी वाटणारच.

मात्र पूजेचा हा मार्ग आपल्या पूर्वजांनी फार जवळून पाहिला आहे. देवाला सोडलेली मुरळी, यल्लम्माला वाहिलेली जोगतीण आणि जोगता, यांनाही समाजाने पवित्र म्हटले होते. त्यांचा आशीर्वाद हवा होता, त्यांचा शाप नको होता, आणि त्यांना घरात घ्यावयाचेही नव्हते. राजन गवस यांनी आपल्या कादंबऱ्यांतून हे जीवन उभे केले आणि 'जोगवा' या २००९ च्या चित्रपटाने ते पडद्यावर आणले. जोगत्याच्या अंगावर चढविलेले लुगडे त्याच्या मनाचा कौल घेऊन चढविलेले नसते. उलट ज्याला मनापासून ते नेसावयाचे असते, त्यालाही देवीचे नाव घेतल्यावाचून ते नेसता येत नाही. दोघांचीही ओळख देवीच्या मालकीची होते. जन्माला आलेल्या बाळाला आशीर्वाद द्यावयास ज्यांना दारात बोलावतात, त्यांना त्या बाळाच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमतात काय? पावित्र्य आणि माणुसकी यांतील हा फरक ज्या समाजाने स्वतः भोगला आहे, त्याला तो अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता विद्या. त्या तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या. घरच्यांनी त्यांना मुलगा म्हणून वाढविले. बापाची एकच आशा होती : मुलाने शिकावे, पहिला नंबर काढावा, कलेक्टर व्हावे. नंबर घसरला तर मार बसे. हा बाप वाईट माणूस नाही. जातीच्या आणि दारिद्र्याच्या चिखलातून घर वर काढण्याचा एकच दोर त्याला ठाऊक आहे, आणि तो दोर म्हणजे हा मुलगा. मुलाला मात्र आपण मुलगा नाही हे आतून कळलेले आहे. आम्हांस हे प्रकरण वाचताना आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे आठवली. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश शिरोधार्य मानून पोटाला चिमटा घेणारे आईबाप, आणि त्यांच्या सर्व आशा ज्याच्या खांद्यावर आहेत असा एकुलता मुलगा. असा मुलगा 'मी मुलगी आहे' म्हणतो, किंवा 'मला लग्न करावयाचे नाही, माझे प्रेम पुरुषावर आहे' म्हणतो, तेव्हा घराला वाटते की त्याने संपूर्ण कुळाच्या उद्धारावरच पाणी सोडले. संपन्न घरातील मुलाच्या बंडाला हे ओझे नसते. विद्या यांच्या पुस्तकाचे वेगळेपण येथे आहे. येथे बाप आणि मूल दोघेही एकाच व्यवस्थेने पिळलेले आहेत आणि म्हणूनच एकमेकांना इजा करतात.

विद्या शिकल्या, भाषाशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळविली. इतके शिक्षण घेऊनही स्त्री म्हणून जगण्यासाठी त्यांना घर सोडावे लागले, आणि त्या आल्या आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला. तेथे त्या हिजडा समूहात राहिल्या आणि रेल्वेगाड्यांतून भीक मागितली. महाराष्ट्रातील वाचकाने हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. आगगाडीच्या डब्यात टाळी वाजली की आपण खिडकीबाहेर पाहू लागतो, किंवा नाणे काढून सुटका करून घेतो. त्या टाळीमागे एम. ए. झालेली व्यक्ती असू शकते, हे आपल्या मनात येत नाही. पूर्वी आपल्या शिकलेल्या माणसाकडेही असेच पाहिले जात असे. त्याची पदवी दिसण्याआधी त्याची जात दिसत असे.

पुढे विद्या तमिळनाडूत परतल्या, मदुराईत बँकेत नोकरी मिळविली, कागदपत्रांवर आपले नाव आणि लिंग नोंदवून घेण्यासाठी कार्यालयांचे उंबरे झिजविले, नाटकांत कामे केली. दलित म्हणून आपली ओळख त्यांनी लपविली नाही. पुस्तकापेक्षा पुढील मुलाखतींत जातीचा उच्चार अधिक स्पष्ट आहे. त्यांचे एक प्रतिपादन आम्हांस फार मोलाचे वाटते. पारलिंगी व्यक्तींविषयीचा तिरस्कार हा ब्राह्मण्याचाच एक प्रकार आहे, असे त्या म्हणतात. त्यांचा युक्तिवाद असा : जातिव्यवस्थेने काही माणसांना जन्मावरून घाणीची कामे नेमून दिली, इतर कामांची दारे बंद केली, आणि मग 'हे लोक घाणेरडे' असा शिक्का मारला. पारलिंगी स्त्रीचेही तेच होते. तिला भीक आणि देहविक्रय याशिवाय काही करू दिले जात नाही, आणि मग तेच तिचे स्वरूप आहे असे म्हटले जाते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले होते. विद्या यांनी तोच विचार एका नव्या क्षेत्रात नेला आहे. परंपरेचा खरा वारस तो, जो तिचा विचार पुढे चालवितो.

याच १९३६ च्या जून महिन्यात मुंबईतील दामोदर सभागृहात देवदासी, मुरळ्या आणि जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे जीवन सोडण्याचे कठोर आवाहन केले होते. त्या भाषणाचा आधार घेऊन हिजडा समाजाला नावे ठेवणारे भेटतात. आमचे त्यांना एवढेच म्हणणे आहे की ते आवाहन अपमानाचे जीवन सोडण्याचे होते. विद्या यांनी नेमके ते करून दाखविले. भीक सोडली आणि नोकरी धरली. परंतु सोडणाऱ्याला पुढे पाय ठेवावयास जमीन लागते. ती जमीन देण्याची जबाबदारी आवाहन ऐकविणाऱ्यांचीही असते.

या संदर्भात रंगभूमीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. विद्या यांच्या जीवनावर 'नानु अवनल्ल... अवळु' हा कन्नड चित्रपट निघाला. त्यातील प्रमुख भूमिकेसाठी संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही भूमिका पुरुष नटाने केली होती आणि ती प्रामाणिकपणे केली होती. परंतु २०१४ मध्ये विद्या, एंजल ग्लेडी आणि जी सेम्मलर यांनी चेन्नईत 'पन्मै' ही नाट्यसंस्था उभारली, तेव्हा त्याहून निराळी गोष्ट घडली. 'पन्मै' म्हणजे अनेकता. येथे पारलिंगी कलावंत आपली गोष्ट आपल्या देहाने प्रेक्षकांसमोर मांडू लागले. मित्राची गोष्ट बापूने सांगितली होती. येथे मित्रा स्वतः उभी आहे, जिवंत आहे आणि तिच्या शेजारी तिच्यासारख्या आणखीही आहेत. आंबेडकरी जलशांची परंपरा ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांना याचे मर्म उमगेल. आपला माणूस आपल्यासमोर उभा राहून आपली व्यथा गातो, तेव्हा प्रेक्षकांचा समूह बनतो. कलेतून ओळख सापडते म्हणतात ते खरे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की कलेतून संगत सापडते.

येथे काही वाचक म्हणतील, 'हे सर्व ठीक. पण धम्माचा याच्याशी काय संबंध? तिसरे शील याला आड येत नाही काय?' या शंकेला टाळणे योग्य नव्हे. 'कामेसु मिच्छाचारा' या पदाचे स्पष्टीकरण सुत्तांत येते तेव्हा आईच्या, बापाच्या, भावाच्या, बहिणीच्या किंवा नातलगांच्या रक्षणाखाली असलेली स्त्री, विवाहित स्त्री, वाग्दत्त स्त्री अशी यादी दिलेली आढळते. दुसऱ्याचा विश्वास मोडणे आणि दुसऱ्यावर अन्याय करणे हा त्या यादीचा गाभा आहे. दोन सज्ञान व्यक्तींच्या निष्ठेने चाललेल्या प्रेमाचा त्यात निषेध नाही. उलट, समलिंगी मुलाचे लग्न घरच्यांनी दडपणाने एखाद्या अजाण मुलीशी लावून द्यावे आणि दोघांचेही आयुष्य नासावे, यात किती शीलांचा भंग होतो, याचा हिशेब कोणी मांडावा.

विनयाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. महावग्गात 'पंडक' म्हटलेल्या व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. तो आम्ही लपवीत नाही. परंतु त्याची उत्पत्तिकथा पाहिली तर एका व्यक्तीच्या वर्तनावरून उठलेला लोकापवाद हे तिचे कारण दिसते. शिवाय हा नियम उपसंपदेचा आहे. त्रिसरण घेण्याला, उपासक वा उपासिका होण्याला तो आडवा येत नाही. आणि त्याच विनयात पाराजिकाच्या विवेचनात एक प्रसंग आहे, ज्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीचे लिंग प्रकट झाले. भिक्षूंनी तथागतांना विचारले. तथागतांनी त्या व्यक्तीला संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेच वर्षावास धरून तिने भिक्खुनींबरोबर राहावे, असे सांगितले. तसेच भिक्खुनीच्या ठिकाणी पुरुषलिंग प्रकट झाले तेव्हाही. ज्येष्ठतेचे एक वर्षही कमी झाले नाही. आज कार्यालयात लिंग बदलून नोंदवू पाहणाऱ्याची जुनी पदवी आणि जुनी सेवा मान्य करताना जी खळखळ होते, तिच्याशी हे ताडून पाहावे.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्याची कथाही येथे आठवते. सोरेय्य नगरीतील एका श्रेष्ठिपुत्राच्या मनात महाकच्चान थेरांची कांती पाहून एक विचार आला, आणि त्याचे रूपांतर स्त्रीत झाले. लाजेने तो तक्षशिलेला निघून गेला. तेथे स्त्री म्हणून संसार केला, दोन मुलांना जन्म दिला. पूर्वी पुरुष म्हणूनही त्याला दोन मुले होती. पुढे जुना मित्र भेटला, त्याच्या सल्ल्याने थेरांची क्षमा मागितली, पुन्हा पुरुषत्व आले, आणि सोरेय्य संघात जाऊन अर्हत झाला. कोणती मुले अधिक प्रिय, असे लोक विचारीत, तेव्हा त्याने प्रथम सांगितले की आई होऊन जन्म दिलेली. या कथेला आम्ही आजच्या विचारांचा मुलामा देऊ इच्छित नाही. स्त्रीत्व हे पापाचे फळ आहे, अशी अट्ठकथाकाराची समजूत तीत उघड आहे, आणि ती त्याज्य आहे. तरीही जे शिल्लक राहते ते थोडे नाही. जुन्या मित्राने ओळख पटल्यावर तोंड फिरविले नाही. थेरांनी उपहास केला नाही. आणि दोन्ही देहांतून गेलेला माणूस अर्हतपदाला अपात्र ठरला नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे बुद्धिसंगत आहे आणि ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध आहे, तेच तथागतांचे मानावे. याच कसोटीवर त्यांनी परंपरेतील कित्येक गोष्टी निःसंकोच बाजूला ठेवल्या. पंडकाचा नियम आणि लिंगपरिवर्तनाचा नियम या कसोटीवर ठेवले तर कोणता उतरतो, हे ठरविण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाही.

बाबासाहेबांच्या वकिलीतील एक प्रकरणही स्मरणीय आहे. र. धों. कर्वे हे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देत असत. त्यावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. सनातनी समाज ज्याच्यावर तुटून पडला होता, त्याच्यासाठी उभे राहण्यात बाबासाहेबांना लाभ काहीच नव्हता. चळवळीची असंख्य कामे अंगावर असताना 'हा आपला विषय नव्हे' असे त्यांनी म्हटले नाही. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमातून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, तेव्हा संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडलेल्या संवैधानिक नीतीचाच आधार घेतला. २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. न्यायालय शिक्षेचे भय दूर करू शकते. आपलेपणा देणे हे समाजाचे काम आहे.

अशा विषयांनी जातिअंताचा प्रश्न मागे पडेल, असे भय काहींना वाटते. बेबीताईंनी आपल्याच घरांतील सुनांचे हाल लिहिले, उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये चळवळीतल्या पुरुषांना आरसा दाखविला, तेव्हाही असेच म्हटले गेले. चळवळ त्यामुळे दुबळी झाली नाही. तिची मुळे अधिक खोल गेली. स्वतःच्या घरातील अन्याय बोलून दाखविण्याचे धैर्य हेच आंबेडकरी वाङ्मयाचे वैशिष्ट्य आहे.

तेव्हा या तीन कृतींचे मूल्यमापन आम्ही असे करतो. 'मित्राची गोष्ट'ने मराठी माणसाला एक मृत्यू दाखविला आणि आपल्या सहानुभूतीची मर्यादा दाखविली. 'मी हिजडा, मी लक्ष्मी'ने जिवंत आवाज दिला. पण त्या आवाजाला पुढे जे आसन मिळाले ते जुन्याच मंदिरातले होते. 'नान् विद्या'ने दया मागितली नाही आणि देवत्वही मागितले नाही. मागितले ते घर, काम, नाव आणि सोबत. १९५६ मध्ये नागपूरला आपण याहून वेगळे काय मागितले होते?

शरण म्हणजे आश्रय. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना आपण कोणालाही लिंग विचारीत नाही. परंतु वंदना संपल्यावर विहाराच्या सतरंजीवर एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसतात. दारात एखादी विद्या उभी राहिली, तर तिने कोठे बसावे हा प्रश्न क्षणभर सर्वांच्या चेहऱ्यावर उमटेल. त्या क्षणी जो उपासक वा जी उपासिका थोडे सरकून आपल्या शेजारी जागा करून देईल, त्याने वा तिने ही तिन्ही पुस्तके वाचली नसली तरी चालेल.